आज इथं घर नाय

इंग्रजी शब्दकोशात ‘हाउस’ या शब्दाला जेवढी जागा दिलेली आहे तेवढी जागा आमच्या घराला गावाच्या नकाशात मिळाली असती, तर पुढचा मजकूर लिहिण्याची गरज मला पडली नसती. तो जाडजूड कोश मी ठाण्याच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलला. नवे शहर वसवणाऱ्या कचेरीने मला इंग्रजीत कळवले होते की मी ज्या ठिकाणाचा उल्लेख करतो आहे त्या ठिकाणी ‘हाउस’ आढळून येत नाही. आणि ज्या वस्तूचे अस्तित्व नाकारले जाते आहे ती वस्तू म्हणजे नेमके काय, हे उत्तर देण्यापूर्वी पाहून घेणे मी माझे कर्तव्य समजतो. मी ठाण्यातल्या एका वकिलांकडे टंकलेखक होतो. दुसऱ्यांच्या घरांचे दावे टंकित करण्यात माझा दिवस जात असे.

कोश उघडला. माणसे राहतात ती वास्तू म्हणजे हाउस, हे ठीकच. कायदे करणारे सभागृहही हाउस. नाटकाला जमलेले प्रेक्षक हाउस, म्हणून तर थेटरावर ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागते. राजाचे घराणे हाउस, व्यापाऱ्याची पेढी हाउस, शाळेतल्या खेळांसाठी पाडलेले मुलांचे गट हाउस, आणि तंबोला खेळताना सगळे आकडे खोडून झाले की माणसे जे ओरडतात तेही हाउस. वकिलांच्या कपाटातल्या एका कायद्याच्या व्याख्येत तर गोठा, खोपटे आणि संडासदेखील बसत होता. बैलाला हाउस होते. माझ्या आईला नव्हते.

आमचे गाव रबाळ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची नवी धुराडी, आणि मधे कौलारू घरांच्या काही आळ्या. नवे शहर वसवायचे म्हणून भोवतालची शेती आणि मिठागरे घेतली गेली होती. गावातली घरे मात्र राहतील, असे सांगण्यात आले होते, आणि कोणती घरे राहतील हे ठरवण्यासाठी मोजणी होती. मोजणीत लागले ते घर. जे लागणार नाही ती मोकळी जागा, आणि मोकळी जागा कचेरीची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही हकीकत आहे.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घर शाकारतात. छपरावरची सगळी कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि कौले पुन्हा चढवायची. हे काम करणारी माणसे ठरलेली असल्यामुळे आळीतल्या घरांना पाळी असे. ज्या दिवशी कौले उतरतात त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. देव्हाऱ्यातले टाक शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवतात. आणि परत चढवलेल्या कौलांखाली पहिला दिवा लागेपर्यंत कोणीही त्या जागेला घर म्हणायचे नाही, असा आमच्या आळीचा शिरस्ता होता. त्याचे कारण आई सांगे ते असे: बांधावर, मिठागरात, खाडीच्या तोंडाशी असे पुष्कळ काही असते ज्याला राहायला जागा नसते. ते जागा शोधत फिरते. उघडे छप्पर त्याला लांबून दिसते. मग ते दाराशी येऊन विचारते, घर कोणाचे? त्याला सांगायचे, आज इथं घर नाय. म्हणजे ते पुढे जाते.

“आणि आये, ते माणसाच्या रूपात आलं तर?” मी लहानपणी विचारले होते.

“मानसाच्याच रूपात येतंय. कुत्र्याला काय घर विचारायचा हाय?”

मोजणीदार आमच्या आळीत आला तो आमच्या पाळीच्या दिवशी. मी ठाण्याला कामावर होतो, बायको माहेरी होती. जे घडले ते शेजारच्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या चुलतभावांनी, मला सांगितले आणि आईने त्याचा कधीही इन्कार केला नाही. भर दुपार होती. छप्पर उघडे, भिंतींच्या मधे ऊन भरलेले. कौले चढवणारी माणसे जेवायला गेली होती आणि आई अंगणात फुटकी कौले वेगळी काढत बसली होती. एक अनोळखी माणूस दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. त्याच्या टोपीची सावली नाकापर्यंत आलेली असल्याने चेहरा नीट दिसत नव्हता.

“हे घर कोणाचं?” त्याने विचारले.

आईने मान वर केली नाही. “आज इथं घर नाय.”

“मग राहतं कोण इथे?”

“कोन नाय.”

“चूल?”

“चूल नाय.”

त्याने वर आकाशाकडे पाहिले, कागदावर काही लिहिले आणि तो पुढच्या दाराशी गेला. काका हे सगळे त्यांच्या ओट्यावरून ऐकत होते.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” मी त्यांना विचारले.

“बोलनार होतो रं. पन कौलं कुठं चढली होती? घर हाय असा मी कसा बोलू?”

म्हणजे ज्याच्यापासून घर लपवायचे होते ते त्या दिवशी आले की नाही, कोणास ठाऊक. पण ज्याला घर दाखवायचे होते त्याच्यापासून ते लपले. तिन्हीसांजेला कौले चढली, दिवा लागला, टाक परत आले. त्याच दिव्याच्या उजेडात मी पहिले पत्र लिहिले. मोजणीदाराने छप्पर उतरलेल्या आणि कधीही छप्पर नसलेल्या वास्तूंत फरक करण्याचे कष्ट घेतले नाहीत. रचून ठेवलेली कौले अंगणात दिसत असता त्यांची नोंद घेतली नाही. आणि एका म्हातारीचे तोंडी म्हणणे हा पुरावा मानला. माझा प्रत्येक मुद्दा बिनतोड होता, आणि उत्तर आले नाही.

थोड्याच दिवसांत दारांच्या चौकटींवर लाल रंगाने आकडे पडले. काकांच्या घराला आकडा पडला, पलीकडच्या घराला पडला. आम्हाला नाही. मी दोन्ही आकडे वाचले, तर ते सलग होते. मधला एक आकडा आमच्यासाठी राखून ठेवलेला असता, तर चूक कबूल केल्यासारखी झाली असती. इथे चुकीला जागाच ठेवलेली नव्हती. दोन भिंतींच्या मधे आमचे घर उभे होते आणि दोन आकड्यांच्या मधे काही नव्हते.

पुढे विजेचे खांब आले. तार काकांच्या घरावरून निघाली, आमच्या आढ्यावरून गेली आणि पलीकडच्या घरात उतरली. संध्याकाळी कामावरून येताना मी बांधावर थांबून आळीकडे पाहत असे. काकांचा दिवा आणि पलीकडचा दिवा यांच्यामधे अंधाराचा एक पट्टा दिसायला हवा होता. तो दिसत नसे. ते दोन दिवे एकमेकांना अगदी खेटून लागलेले दिसत. मी कितीतरी वेळा डोळे पुसून पाहिले. जवळ गेल्यावर घर असायचे, आईही असायची, पण प्रत्येक वेळी शेवटच्या वळणापर्यंत मला त्याची खात्री वाटत नसे.

आई मासळीवालीला हाक मारी आणि ती काकांच्या दारातून निघून पलीकडच्या दाराशी टोपली उतरवी. “अगं बाय, मी बोलावतंय!” आई ओरडे. मासळीवाली दचके, कपाळाला हात लावे आणि म्हणे, “माफ कर गं आये, मना दिसलाच नाय.” पोस्टमनचेही तसेच. मला आलेली कचेरीची पत्रे काकांच्या दारात पडलेली मिळत. मी त्याबद्दल पोस्टाला लिहिले. पोस्टाने पूर्ण पत्ता कळवण्यास सांगितले.

मग एका दुपारी साखळीवाले आले. जमीन मोजायची लोखंडी साखळी घेऊन दोन माणसे पुढच्या दारातून आत आली, माजघरातून गेली, स्वयंपाकघरातून गेली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. आमच्याकडे हाक दिल्याशिवाय कोणी कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. आई चुलीपाशी जवळा निवडत बसली होती. साखळी तिच्या पावलावरून ओढली गेली. त्यांच्यापैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, “इकडून सरळ लाईन येते बघ,” आणि दुसरा म्हणाला, “हो, मधे काही येत नाही.” त्यांनी पुढच्या अंगणात एक खुंटी ठोकली आणि मागच्या ओट्याजवळ एक. माझी बायको तेव्हा दारात उभी होती. ती सांगते की त्यांनी तिच्याकडे पाहिले, पण मधे उभ्या असलेल्या झाडाकडे पाहावे तसे.

संध्याकाळी आईने मला जवळ बोलावले. पावलावर साखळीचा वळ होता.

“बाला, एक विचारू? मी हाय ना रं?”

“आये, काहीतरी काय बोलतेस?”

“नाय, तू कोडतात जातोस. तुला म्हाईत असनार.”

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन कचेरीत गेलो आणि भिंतीवरचा नकाशा पाहिला. आमची आळी निळ्या शाईत सुरेख काढलेली होती. काकांचे घर आणि पलीकडचे घर यांच्यामधून एक वाट गटारापर्यंत गेली होती. मी टेबलामागच्या गृहस्थांना म्हणालो, “या वाटेवर आमचं स्वयंपाकघर आहे.” ते सभ्यपणे म्हणाले, “साहेब, वाटेवर स्वयंपाकघर कसं असेल?” त्यानंतर नोटीस आली. नियोजित वाटेवरील अडथळा स्वखर्चाने दूर करावा, अन्यथा कचेरी तो दूर करील. ज्या कचेरीला घर दिसत नव्हते तिला अडथळा मात्र दिसत होता! हा विरोधाभास मी एका पत्रात असा मांडला होता की माझ्या वकिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि ते म्हणाले, “पत्र उत्तम आहे. घर मात्र जाईल.”

त्याच सुमारास आईने दिवा लावायचे सोडले. रात्री ती काकांच्या पडवीत झोपायला जाऊ लागली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मागच्या दाराशी कोन तरी बसतंय.”

मागच्या दाराशी दगडी ओटा होता. मी पाहिले, कोणी नव्हते. ओटा मात्र ओला होता, आणि त्याला खाडीच्या चिखलाचा वास येत होता. उन्हाळा चालू होता. माठ पाझरत असेल, असे मी म्हणालो. बायकोने माठ उचलून पुढच्या दारी नेला. दुसऱ्या दिवशी ओटा तेवढाच, तिथेच ओला होता, माणूस बसला तर जेवढा होईल तेवढा.

“हे बघ,” आई म्हणाली, “मी बोलले घर नाय. ज्यानं आयकून पुढं जायचा तो त्या दिवशी आलाच नाय. दुसऱ्यानं आयकला नि लिवून घेतला. मग जिथं घर नाय, तिथं ज्याला घर नाय तो येनार. आमचा काय राहिला तिथं?”

मोकळी जागा कचेरीची, हे कचेरीचे म्हणणे. मोकळी जागा बेघराची, हे आईचे. दोन्ही म्हणण्यांची बांधणी एकच होती, आणि आईच्या बाजूने निदान एक ओला ओटा होता.

माझ्या सततच्या पत्रांना कंटाळून म्हणा, किंवा त्यांतल्या कायद्याला घाबरून म्हणा, ऐंशी साल उलटल्यावर कचेरीने नव्याने स्थळपाहणी मान्य केली. अट एकच होती. ज्या व्यक्तीने पूर्वी घर नसल्याचे सांगितले, तिनेच पाहणी अधिकाऱ्यासमोर घर असल्याचे सांगावे. ही अट मला रास्त वाटली. साक्ष ज्याने दिली त्यानेच ती फिरवायची असते.

मी आईला म्हणालो, “साहेब विचारतील, तू फक्त ‘आहे’ म्हणायचं.”

“नाय बोलनार.”

“का?”

“उघड्या छपराखाली नाय बोलले होते. मिटल्या छपराखाली हाय बोलून काय उपेग? तो मागं बसलाय त्याला आयकू जानार हाय का? कौलं काढ.”

“आये, पाहणीच्या दिवशी छप्पर उघडं ठेवायचं? त्याच्यानेच तर हे सगळं झालं!”

“तुझा कायदा लय शिकलेला हाय. त्याला वर चढव नि कौलं काढ.”

आमचे भांडण काकांच्या ओट्यापर्यंत गेले. मी ओरडलो, तिने पदर खोचला. मी तिला समजावले की हे हुकले तर भिंती पडतील; ती म्हणाली, भिंती राहून आत दुसरे कोणी राहणार असेल तर त्या पडलेल्या बऱ्या. शेवटी काका मधे पडले. सगळे छप्पर नको, फक्त चुलीवरची कौले काढावीत. टाक त्यांच्याकडे ठेवावेत. आईने आकाशाखाली उभे राहून बोलावे, आणि मग लगेच कौले बसवून दिवा लावावा. आई थोडा विचार करून म्हणाली, “चालेल.” माझे मत कोणी विचारले नाही.

कौले चढवणारी माणसे त्या दिवशी मिळाली नाहीत, त्यामुळे छपरावर मी चढलो. अधिकारी आले तेव्हा आढ्याला एका हाताने धरून, दुसऱ्या हातात कौल घेऊन, मी स्वतःच्याच घराला पाडलेल्या भोकाच्या कडेला बसलेलो होतो. तरुण, नीटनेटका माणूस होता. त्याने वर पाहिले.

“अर्जदार आपणच का?”

“होय.”

“घर पाडताय की बांधताय?”

“साक्ष चालू आहे,” मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

तो हाक देऊन आत आला. इतक्या वर्षांत कचेरीच्या माणसाने दिलेली ती पहिली हाक. वरच्या भोकातून उन्हाचा चौकोन चुलीवर पडला होता आणि त्या चौकोनात आई उभी होती. मी तिला वरून पाहत होतो. ती फार लहान दिसत होती.

“आजी, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत की इथे घर नाही.”

“तवा नव्हता.”

“आणि आज?”

आईने आधी वर माझ्याकडे पाहिले, माझ्या मागच्या आकाशाकडे पाहिले, आणि मग तिने मागच्या दाराकडे तोंड केले. ती अधिकाऱ्याशी बोललीच नाही. “घर हाय,” ती मोठ्याने म्हणाली. “चूल हाय. मी हाय. आयकला? घर आमचा हाय.”

बायकोने चूल पेटवली. धूर भोकातून थेट माझ्या तोंडावर आला. डोळे चोळत मी एकेक कौल बसवू लागलो. खाली अधिकारी फिरून सगळे पाहून आला, त्याने पाट मागितला आणि बसून लिहू लागला. लिहिता लिहिता तो मोठ्याने बोलत होता.

“अर्जदार. पत्नी. आई. आणि मागच्या दाराशी ओट्यावर आजोबा बसलेत, ते कोण लागतात?”

मागचा ओटा मला छपरावरून स्वच्छ दिसत होता. त्यावर कोणी नव्हते. दगड ओला होता, आणि मी पाहत असताना त्या ओलीची कड आत आत सरकत होती, ऊन आल्यासारखी. पण त्या बाजूला अजून सावली होती.

आईने वळूनही पाहिले नाही. “त्यांना मोजू नका,” ती म्हणाली. “त्यांना इथं घर नाय.”

“पाहुणे का?”

“पाहुने. निघाले.”

अधिकाऱ्याने मान डोलावली. मी शेवटचे कौल बसवले, खाली अंधार झाला, आणि त्या अंधारात आईने भरदिवसा दिवा लावला. त्या रात्री ती घरात झोपली.

वाट वळवण्यात आली. खुंट्या निघाल्या. आमच्या चौकटीवर आकडा पडला तो काकांचाच आकडा आणि पुढे बटा एक, कारण सलग आकड्यांच्या मधे दुसरे काही बसत नाही. या ‘बटा एक’ला माझा आक्षेप होता आणि आहे. पूर्ण घराला अपूर्ण आकडा का, हे मी अनेक पत्रांतून विचारले आहे. पाहणीच्या अहवालात पूर्व आणि पश्चिम दिशा उलट पडल्या होत्या, त्या मी दुरुस्त करून घेतल्या. आईचे वय चुकले होते, तेही. निघालेल्या पाहुण्यांबद्दल मात्र मी कोणाला काही लिहिले नाही.

पुढच्या वर्षी आमची शाकारणीची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम रजा घेतली. छप्पर उघडे होते, टाक काकांकडे होते, आई अंगणात कौले निवडत होती. आकडा चौकटीवर होता, नोंद कचेरीत होती, आणि मी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. दुपारी खाडीच्या बाजूने एक माणूस आला. त्याच्या हातात काहीच नव्हते. धोतराचा काठ ओला होता.

“घर कोणाचं?” त्याने विचारले.

आईचे हात थांबले. ती माझ्याकडे पाहत होती. नाही म्हणावे तर कोणी लिहून घेईल, आहे म्हणावे तर कोणी आत येईल.

“आपलं ओळखपत्र दाखवा,” मी म्हणालो.

त्याने चौकटीवरचा आकडा पाहिला, वरचे आकाश पाहिले आणि तो आल्या वाटेने परत गेला.

“बरा केलास,” आई हळूच म्हणाली. “पन घर हाय का नाय, तू काय बोललाच नाहीस.”

तिचे म्हणणे बरोबर होते. म्हणून कौले चढून दिवा लागेपर्यंत मी त्या उंबऱ्यातून उठलो नाही.